कल ईला, 57.1 टक्के: सात महिन्यांनंतर

ऑक्टोबरमध्ये एडिंबऱ्याच्या रॉयल माइलवर कॅडनहेडच्या दुकानातून ही व्हिस्कीची बाटली घेतली. कल ईला, 10 वर्षं, एकाच पिंपातली, 57.1 टक्के अल्कोहोल. आता एप्रिल संपत आलाय आणि तळाशी दोन बोटं उरलीत.

कल ईला ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची 1846 सालची डिस्टिलरी. तिचा बराचसा माल जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्र व्हिस्कीत, जातो. तिची स्वतःची 12 वर्षांची, 43 टक्क्यांची बाटली माझ्या घरात कायम असते. कॅडनहेडवाले स्वतः दारू बनवत नाहीत. 1842 पासूनचं हे जुनं नाव. ते इतरांची पिंपं घेतात आणि रंग न मिसळता, थंड करून न गाळता भरतात. त्यामुळे रंग अगदी फिका, पातळ लिंबू सरबतासारखा. रंगावरून चव ठरवणाऱ्यांनी तेवढं डोक्यातून काढावं.

पहिल्या रात्री पाणी न घालता प्यायलो. जीभ बधिर झाली, नुसता धूर आणि जाळ. दोन आठवडे बाटलीला हात लावला नाही.

मग औषधाचा ड्रॉपर आणला. 30 मिलीत आधी पाच-सहा थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग पुन्हा थेंब. पाणी पडलं की ग्लासात तेलकट वळ्या फिरतात, त्या दिव्यासमोर धरून बघाव्यात. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे 5 मिली, पाणी झालं की ताकद 49 च्या आसपास येते, आणि तिथे ही व्हिस्की खुलते. निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, त्यावर लिंबू आणि मीठ चोळलेलं: वास हुबेहूब तोच, त्यामागे किंचित समुद्राची खार. 43 टक्क्यांच्या बाटलीत लिंबू सापडतं, पण हे कणीस मला कधीच सापडलं नव्हतं. आणखी पाणी घातलं तर ती गढूळ होते. त्यात बिघाड काही नाही. गाळून न काढलेली तेलं तेवढी दिसू लागतात. चव मात्र तिथून पुढे पातळ होत जाते. बर्फ तर नकोच.

जानेवारीत एक चूक झाली. जागा नव्हती म्हणून बाटली वाइनसारखी आडवी ठेवली. इतक्या कडक दारूत बूच भिजून भुसभुशीत झालं आणि उघडताना अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून सगळी गाळली, दुसऱ्या बाटलीचं बूच बसवलं. ती उभीच ठेवा.

फेब्रुवारीत बाटली अर्ध्यावर आली तेव्हा धूर निवला होता, नासपतीसारखा गोडवा वर आला होता. माझ्या मते हाच तिचा सर्वोत्तम काळ. गेल्या महिन्यापासून मात्र घोटानंतर जिभेवर राहणारी चव लवकर विरतेय.

तशीच दुसरी मिळणार नाही, ते पिंप संपलं. जूनमध्ये दादा येतोय. त्याच्यासाठी उरलेली आजच छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवतोय, म्हणजे हवा कमी लागेल. ड्रॉपर शेजारीच ठेवलाय.