पहिल्या बॅकपॅकिंगसाठी सांता क्रूझ की सांता रोझा?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मित्रमंडळींकडून मला हा प्रश्न दर वर्षी येतो. विचारणारे बहुतेक जण सह्याद्रीत भरपूर हिंडलेले असतात. राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनगड झालेले असतात. पण तंबू, शेगडी, स्लीपिंग बॅग आणि सगळ्या मुक्कामाचं जेवण स्वतःच्या पाठीवर घेऊन ते कधी राहिलेले नसतात. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते, त्यामुळे तशी वेळच येत नाही. सांता क्रूझ आणि सांता रोझा ही किनाऱ्यासमोरच्या चॅनल आयलंड्स नॅशनल पार्कातली बेटं. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही, गाडी नाही. नेलेलं खायचं आणि कचरा परत आणायचा. नवख्याला शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पार्कात बेटं पाच. अ‍ॅनाकापा आणि सांता बार्बरा फारच लहान आहेत. सॅन मिगेल सर्वांत दूर आणि तिथे प्यायचं पाणी नाही. उरतात सांता क्रूझ आणि सांता रोझा. दोन्हीकडे कॅम्पग्राउंडवर नळाला पाणी आहे आणि सुरुवात करणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माणशी दिवसाला चार लिटर धरलं तरी दोन रात्रींच्या मुक्कामाला दहा-बारा किलोचं ओझं पाठीवरून उतरतं. मी दोन्ही बेटांवर राहिलो आहे. दोन्ही आवडली.

बुकिंगबद्दल एकच सांगतो, कारण घाईत हे उलटं होतं: आधी बोट, मग तंबूची जागा. किनाऱ्यावरच्या व्हेंचुरा शहरातून आयलंड पॅकर्स या कंपनीच्या बोटी सुटतात. सांता क्रूझला त्या जवळपास रोज जातात. सांता रोझाला आठवड्यातून मोजकेच दिवस, आणि हिवाळ्यात त्याहून कमी. नोकरी सांभाळून जाणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. सांता क्रूझ शनिवार-रविवारात बसतं, सांता रोझासाठी बहुधा रजा टाकावी लागते.

आता सांता रोझा. सौंदर्यात हे बेट उजवं आहे आणि ते मी मोकळेपणाने म्हणतो. बोटीला तीनेक तास लागतात, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणारी गर्दी तिकडे फारशी फिरकत नाही. धक्क्यापासून वॉटर कॅन्यन कॅम्पग्राउंडपर्यंत दीड मैल, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास चालायचं. वाटेत डाव्या हाताला लांबलचक पांढरी पुळण, आणि त्यावर बऱ्याचदा एकही पाऊल उमटलेलं नसतं. टोरी पाइन हा झाडाचा प्रकार निसर्गतः जगात दोनच ठिकाणी वाढतो. एक सॅन डिएगोजवळचा किनारा, दुसरं हे बेट. लोबो कॅन्यनमध्ये वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेल्या वालुकाश्माच्या भिंती इतक्या गुळगुळीत आहेत की हात फिरवल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच बेटावर 1959 साली सापडलेली माणसाची हाडं सुमारे 13,000 वर्षांपूर्वीची आहेत, आणि 1994 साली इथेच बुटक्या मॅमथचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. एवढं सगळं असलेली जागा दुसऱ्या क्रमांकावर टाकताना जिवावर येतं.

पण वारा.

सांता रोझावर 30 नॉटचा वारा, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, ही नेहमीची गोष्ट आहे. पार्कवाल्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणून तिथल्या प्रत्येक जागेवर लाकडी आडोसा बांधून दिलाय. आडोसा उपयोगी आहे, नाही असं नाही. तरी दुपारनंतर वारा वायव्येकडून उतरायला लागला की त्याच्या कडेने वळून आत घुसतो. तंबूचं कापड एकसारखं फडफडतं. मध्येच क्षणभर शांत होतं आणि आता झोप लागेल असं वाटेपर्यंत पुढचा झोत येतो. एका झोतात तंबूची काठी इतकी वाकली की आतलं कापड माझ्या तोंडाला टेकलं. शेजारी झोपलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बारीक धूळ जाळीतून आत येऊन स्लीपिंग बॅगवर बसत होती, सकाळी दातांखाली कचकच. चहाला उकळी यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला आणि गॅसही तेवढाच जास्त जळला. दुसऱ्या दिवशी लोबो कॅन्यनची लांबची चाल होती. ती मी न झोपता केली.

अनुभवी माणसाला याचं काही वाटणार नाही. तो बुटका, भक्कम तंबू आणतो, जास्तीच्या खुंट्या आणतो, कानात बोळे घालतो. पण जो पहिल्यांदाच बाहेर झोपतोय, ज्याने तंबू परवाच कुणाकडून तरी मागून आणलाय, त्याच्यासाठी ती रात्र कसोटीची ठरते. माझ्यासोबतच्या एका मित्राने त्यानंतर पुन्हा बॅकपॅकिंगचं नाव काढलं नाही. तो माणूस उत्तम चालणारा आहे, हे मला आजही लागून राहिलंय.

शिवाय वाऱ्याचं फक्त झोपेवर भागत नाही. समुद्र खवळला की सांता रोझाची फेरी रद्द होऊ शकते. तिकडची बोट रोजची नसल्यामुळे परतीचा बेत किती दिवस लांबेल हे तेव्हा सांगता येत नाही. म्हणून तिकडे जाताना एका दिवसाचं जास्तीचं जेवण आणि ऑफिसात तशी कल्पना, दोन्ही हवं.

सांता क्रूझला, म्हणजे स्कॉर्पियनच्या धक्क्यावर, बोट तासाभरात पोचते. तिथून कॅम्पग्राउंड सपाट वाटेने अर्धा मैल. जुन्या मेंढपाळीच्या काळातली निलगिरीची मोठी झाडं आहेत, दरीचा आडोसा आहे, रात्री झोप लागते. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

त्रास इथेही आहे. तो कावळ्यांचा, रेव्हन जातीच्या मोठ्या, दणकट कावळ्यांचा. त्यांना सॅकची चेन उघडता येते. मी समोर उभा असताना एकाने चोचीत चेनचं टोक धरलं, दोन उड्या मागे मारल्या, कप्पा उघडला आणि दशम्यांची पिशवी बाहेर ओढली. कोल्हेही धीट आहेत. पण यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक जागेवर झाकणाची पेटी दिलेली असते. खाणं, टूथपेस्ट, कचरा, वासाचं जे काही असेल ते पेटीत टाकायचं आणि कडी लावायची. वाऱ्याला अशी कडी लावता येत नाही.

कोल्ह्यांबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. मांजराएवढा हा कोल्हा फक्त याच द्वीपसमूहात आहे. रानडुकरांची शिकार मिळत गेल्यामुळे सोनेरी गरुड बेटांवर स्थिरावले आणि त्यांनी कोल्ह्यांचा फडशा पाडला. सांता रोझावर एके काळी जेमतेम पंधरा कोल्हे उरले होते. मग गरुड हलवले, डुकरं काढली, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडली. 2004 साली संकटग्रस्त यादीत गेलेला हा प्राणी 2016 मध्ये सांता क्रूझ, सांता रोझा आणि सॅन मिगेल या तिन्ही बेटांपुरता यादीतून बाहेर आला. त्याला खाऊ घालू नका. तंबूसमोरून तो निवांत चालत गेला तर बसल्या जागेवरून बघा.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो: अर्धा मैल ओझं वाहणं ही कसली बॅकपॅकिंग? आक्षेप रास्त आहे. दुपारच्या बोटीपर्यंत स्कॉर्पियनला कयाकवाल्यांची वर्दळही असते. पण बोट गेली की दरी रिकामी होते आणि राहणाऱ्यांचीच उरते. नवख्याला अडवतं ते बहुधा चालणं नसतंच. अडवतं ते शेगडीचं गणित, थंडीत पुरेल एवढे कपडे, सॅकमध्ये काय खाली आणि काय वर. हे सगळं इथे निर्धास्तपणे शिकता येतं. चालायला पोटॅटो हार्बरची आठेक किलोमीटरची फेरी आहे, स्मगलर्स कोव्हची बारा किलोमीटरची आहे, आणि कॅव्हर्न पॉइंटच्या कड्यावरून संध्याकाळी खाली समुद्र बघणं आहेच.

ज्यांना पाठीवर ओझं हवंच आहे त्यांनी याच बेटावर प्रिझनर्स हार्बरला उतरावं. तिथून साडेपाच किलोमीटर चढून डेल नॉर्टेला मुक्काम करता येतो. जागा मोजक्याच चार आहेत आणि पाणी अजिबात नाही, सगळं वाहून न्यायचं. दुसऱ्या दिवशी एकोणीस-वीस किलोमीटर चालून स्कॉर्पियनला यायचं आणि तिथून परतीची बोट धरायची. अशी दोन धक्क्यांची तिकिटं जुळतात का, हे बोटवाल्यांना आधीच विचारून ठेवा. पण हा दुसऱ्या खेपेचा बेत. पहिल्याच खेपेला माणशी सात-आठ लिटर पाणी घेऊन चढायचा हट्ट मी तरी धरणार नाही.

दिवस कुठले? सप्टेंबर-ऑक्टोबर. समुद्र त्यातल्या त्यात शांत, पाणी कोमट, धुकं कमी. फुलं हवी असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल, पण तेव्हा वाराही वाढलेला असतो. शेकोटीला कॅम्पग्राउंडवर परवानगी नाही, त्यामुळे गॅसची शेगडी लागतेच. मी घरूनच रवा भाजून त्याला फोडणी घालून नेतो. उकळत्या पाण्यात टाकला की पाच मिनिटांत उपमा होतो आणि गॅस वाचतो. रात्रीसाठी मऊ भात, मेतकूट आणि छोट्या बाटलीतलं तूप. बोटीवर सामानाच्या प्रत्येक नगाला 45 पौंडांची, म्हणजे वीस किलोंची मर्यादा आहे, तेव्हा एकच अवजड बॅग भरू नका.

तुमची झोप गाढ असेल, तंबू चांगला असेल आणि रजा हाताशी असेल तर सांता रोझाला जा, मी अडवणार नाही. लोबो कॅन्यनसाठी मी स्वतः पुन्हा जाईन. पण सोबत पहिल्यांदाच येणारं कुणी असेल, बायको, भाऊ किंवा ऑफिसातला मित्र, तर ऑक्टोबरातल्या दोन रात्री स्कॉर्पियनला घ्या. आणि कॅम्पग्राउंडची झाडांखालची जागा बघून घ्या. त्या जागा लवकर संपतात.