मेश म्हणून गळ्यात मारलेले रिपीटर

मागच्या आठवड्यात वाड्यावरच्या एका घरी हळदीकुंकवाला गेले, तर तिथल्या भिंतीवर, आमच्या घरी वायफायची रेंज वाढवायला म्हणून बसवला होता, तोच पांढरा डबा दिसला. चौकशी केली तर बसवून देणारा माणूसही तोच. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, विशेषतः गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी.

आमचं घर चिऱ्याचं आहे. मधे राजांगण आणि भिंती दीड फूट जाड. राउटर पुढच्या बैठकीत आहे. तिथे 200 एमबीपीएसचा प्लॅन व्यवस्थित चालतो, पण माडीवर, जिथून मी दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते, तिथे आवाज तुटायचा. जूनमध्ये फायबर तुटली तेव्हा दुरुस्तीला आलेला माणूस काम आटोपल्यावर सासऱ्यांना म्हणाला, "काका, मेश बसवून देतो. आख्ख्या घरात एकच नाव, फुल रेंज." मेश म्हणजे एकमेकांशी जोडलेले, मिळून एकच वायफाय चालवणारे डबे. तीन डब्यांचे 13,500 रुपये सांगितले. बिलाचं विचारलं तर, "बिल घेतलं की जीएसटी चढतो, उगाच कशाला?" सासऱ्यांनी पेन्शनमधून पैसे दिले, तेही त्याच्या खासगी यूपीआयवर.

डबे खोक्याशिवाय आले. एक जिन्यात, एक माडीवर, एक मागच्या पडवीत बसला. माझ्या फोनवर खरंच सगळ्या रेघा भरल्या. स्पीड मात्र त्याने स्वतःच्या फोनवर मोजून दाखवला, 180. तो फोन वायफायवर होता की मोबाइल डेटावर, हे आम्ही कोणीच पाहिलं नाही.

त्यानंतरही रोज मुलं सांगत होती, "टीचर, आवाज येत नाही." त्याला फोन केला की पाऊस, लाइनचा प्रॉब्लेम, उद्या येतो. पुढे त्याने फोन उचलणंच सोडलं.

चवथीला पुण्याहून भाचा आला. तो नेटवर्किंगमध्येच काम करतो. गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर त्याने माडीवरचा डबा उलटा करून बघितला. मागच्या स्टिकरची एक कड उचललेली होती. नखाने सोलला, तर खाली दुसरा स्टिकर: 300 एमबीपीएस वायरलेस रिपीटर. मेश नव्हतंच ते.

भाच्याने समजावलं ते असं. हा रिपीटर वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ या हळू पट्ट्यावर चालणारा, एकाच रेडिओवर आधी ऐकतो, मग तेच पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आमच्याकडे तर एकाचा सिग्नल दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा उचलत होता. मोजलं तेव्हा माडीवर 17 आणि पडवीत जेमतेम 4. फोनवरच्या रेघा फोन आणि जवळच्या डब्यामधला सिग्नल दाखवतात, त्या डब्यापर्यंत इंटरनेट किती पोचतंय ते नाही. आम्ही नेमके तिथेच फसलो.

मग त्याने काम नीट केलं. बैठकीपासून माडीपर्यंत वाशांच्या कडेने कॅट सिक्स केबल, म्हणजे इंटरनेटची तार, ओढली. दोन डब्यांचं खरं मेश पक्क्या बिलावर आणलं. पहिला डबा जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला. त्यात डबा फक्त वायफाय देतो, म्हणजे घरात दोन राउटर एकमेकांवर चढत नाहीत. जुन्या राउटरचं वायफाय बंद केलं आणि माडीवरचा डबा केबलवर घेतला. चिऱ्याच्या भिंतीतून वायफायचा वेगवान 5 गिगाहर्ट्झ पट्टा फारसा जात नाही, त्यामुळे आपल्या घरांत ही केबल मला डब्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. आता माडीवर 160 मिळतात.

कोणी तुमच्याकडे मेश बसवायला आला तर सीलबंद खोकं समोर उघडायला लावा. त्यावर एमआरपी आणि उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता असायलाच हवा. डब्यावरचा मॉडेल नंबर खोक्याशी जुळवा. मोबाइल डेटा बंद करून, तुमच्याच फोनवर, घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीत स्पीड मोजा, आणि पैसे त्यानंतरच द्या. वायफायच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड स्वतः बदला. आमचा तीन महिने त्याच्याकडेच होता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे आणि "ओरिजनल मेश" असं लिहिलेला त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. शेजारच्या वहिनींनीही कालच आपला डबा उलटा करून स्टिकर सोलला. खाली तेच निघालं. आता त्यांची तक्रारही आम्ही दोघी बसून भरतोय.