ठेकेदाराचे १२० दिवस

गावात घर बांधायला काढणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. २०२३ च्या नोव्हेंबरात शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ठेकेदाराशी करारनामा केला. मालासकट ८ लाख, काम सुरू १ डिसेंबरला, मुदत १२० दिवस. पैसे चार हप्त्यांत, दर महिन्याच्या १ तारखेला २ लाख.

मी घरी कॅलेंडर काढून मोजलं. डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, २०२४ लीप वर्ष म्हणून फेब्रुवारीचे २९, आणि मार्चचे २९. म्हणजे २९ मार्चला घर हातात. पावसाळ्याला दोन महिने बाकी, म्हणून निश्चिंत होतो. कापसाचा चुकारा आला तसा हप्ता देत गेलो. १ मार्चला चौथाही दिला.

२९ मार्चला भिंती लिंटेलपर्यंतच, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंतच होत्या. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "दिवस म्हंजे कामाचे दिवस, भाऊ. आयतवार अन् बाजाराचा दिवस थोडीच धराचा असते?"

आमचा बाजार बुधवारी. म्हणजे आठवड्याला पाचच दिवस मोजायचे. १२० दिवसांचे २४ आठवडे झाले, मुदत गेली १६ मेवर. त्यात संक्रांत, २६ जानेवारी, धुलिवंदन, पाडवा हे चार दिवस त्याने वेगळे काढले. आली २१ मे. वर म्हणे स्लॅबच्या तराईचे, म्हणजे पाणी मारून मुरवायचे २८ दिवस निराळे, ते कामात धरत नाहीत. म्हणजे १८ जून! बोलण्याबोलण्यात ८१ दिवस वाढले, आणि कागदात 'कामाचे' हा शब्द कुठेच नव्हता.

खरी फसवणूक मला त्या रात्री कागद पुन्हा वाचताना दिसली. काम तो मोजणार सुट्ट्या वगळून, पण हप्ते मात्र कॅलेंडरच्या तारखेने. त्याचे पैसे ९२ व्या दिवशीच पूर्ण झाले होते. मग त्याला घाई कशाची?

तालुक्याच्या एका इंजिनिअरला विचारलं. ते म्हणाले, २८ दिवस ही काँक्रीटची ताकद तपासायची मुदत आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी, मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. राख वगैरे मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटला जास्त लागतात. आमच्या खोल्या बारा फुटी. तराई चालू असताना खालची कितीतरी कामं होतात, हे तर आपल्यालाही कळतं.

मे महिन्यात मजूर दुसऱ्या साइटवर गेले ते गेलेच. पावसाळा आम्ही उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून काढला. आईचा पलंग रात्री दोनदा हलवावा लागे.

नंतर दुसऱ्या मिस्त्रीशी कागद केला तेव्हा भाच्याला बसवलं. एक्सेलमध्ये नुसती वजाबाकी केली की पहिला दिवस सुटतो, २९ मार्चचे ११९ च येतात, हे त्याने दाखवलं. कामाचे दिवस मोजायचं एक्सेलचं नेटवर्कडेज (NETWORKDAYS) हे सूत्र शनिवार-रविवार वगळतं. आपला बुधवार सांगायला त्याचा इंटलवाला (NETWORKDAYS.INTL) प्रकार लागतो. शेवटी आम्ही दिवस लिहिलेच नाहीत. प्लिंथ (जोतं), लिंटेल, स्लॅब, प्लास्टर, प्रत्येकापुढे तारीख अक्षरी लिहिली आणि हप्ता त्या टप्प्यानंतर ठेवला. सुट्ट्या कोणत्या, तेही नावानिशी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

स्लॅब २०२५ च्या जानेवारीत टाकून झाला. आधीच्या ठेकेदाराकडचे पैसे अजून परत आलेले नाहीत. कागद वकिलांकडे दिला आहे.