हतनूर की नांदूर मध्यमेश्वर?

थंडीत पक्षी बघायचे तर आम्हा जळगावकरांपुढे दोन पाणथळी. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमावर. बंधारा इंग्रजांच्या काळातला. मागे गाळ साचून बेटं झाली, त्यावर पाणकणीस माजलं. 1986 साली अभयारण्य, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. चापडगावला मनोरे, दुर्बिणी, गाईड. जांभळ्या पाणकोंबड्या तर अगदी जवळून दिसतात. एक पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब पायाच्या बोटांत धरून, माणसाने ऊस सोलावा तसा सोलत होती!

हतनूर घरचं. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, तिथपासून धरणाचा फुगवटा. गाळ इथेही भरपूर, म्हणून उथळ पाणी आणि बदकांची चंगळ. चक्रवाकाची जोडी काठावर ‘आँग आँग’ करत बसलेली असते. पण अभयारण्याचं संरक्षण नाही. पाणी ओसरलं की गाळपेऱ्यात पिकं उभी राहतात, मासेमारीची जाळीही असतात. मनोरा शोधू नका, बांधावर उकिडवं बसायचं.

नवख्याला मी नांदूरलाच पाठवतो. स्वतः मात्र डब्यात भरीत-पुरी घेऊन पहाटे हतनूरच गाठतो.