हँडब्रेक: मोबाइल व्हिडिओत ओठ आणि आवाज फारकत घेतात तेव्हा

मोबाइलवर शूट केलेल्या तासाभराच्या मुलाखतीत पहिली पाच मिनिटं ओठ-आवाज चोख जुळतात, आणि चाळिसाव्या मिनिटाला तोंड आधी हलतं, शब्द मागून येतो. असा वाढत जाणारा फरक दिसला की पहिला संशय व्हेरिएबल फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चित्रांच्या (फ्रेमच्या) बदलत्या संख्येवर घ्यावा. उजेड कमी पडला की बरेच फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम घेतात. फोन तापला तर मधल्या काही गळतातही. आवाज मात्र आपल्या गतीने रेकॉर्ड होत राहतो. एडिटिंग प्रोग्रॅमने सगळ्या फ्रेम सारख्या वेळेच्या धरल्या की चित्र आवाजाच्या पुढे पळतं. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर दुखणं वेगळं. तिथे आवाजाची पट्टी सरकवली की झालं.

खात्रीसाठी फाइल मीडियाइन्फोत, म्हणजे व्हिडिओची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ‘फ्रेमरेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं, की हँडब्रेक हा व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्रॅम कामाचा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि पूर्ण मोफत आहे.

फसगत होते ती प्रीसेटमध्ये, म्हणजे हँडब्रेकच्या तयार सेटिंगमध्ये. ‘फास्ट १०८०पी३०’ तसाच ठेवलात तर ४के फुटेज १०८०पी होतं, ६० फ्रेमचं ३० वर येतं, आणि एवढं होऊनही फ्रेमरेट स्थिर होईलच असं नाही, कारण त्यात ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेला असतो. म्हणजे ३० ही फक्त कमाल मर्यादा. व्हिडिओ टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा आणि शेजारी ‘सेम अ‍ॅज सोर्स’ न ठेवता आकडा स्वतः द्या, नाहीतर २९.८३ सारखा विचित्र दर पदरात पडू शकतो. एडिटिंग प्रोग्रॅममधली टाइमलाइन २९.९७ ची असेल तर २९.९७, ३० ची असेल तर ३०. क्वालिटी ठरवणारा आरएफ हा आकडा १६ ते १८ ठेवा; आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगलं. डायमेन्शन्समध्ये रिझोल्यूशनची मर्यादा आणि आपोआप होणारं क्रॉपिंग बंद करा. अंधाऱ्या कडा काळी पट्टी समजून कापल्या गेल्या, तर एकाच शूटच्या दोन क्लिपचं माप जुळत नाही. फिल्टर्समधलं डीइंटरलेस (जुन्या टीव्ही पद्धतीच्या अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या फ्रेम जोडणारं)ही बंद. मोबाइलच्या फुटेजला त्याची गरज नसते.

काम कसं होतं ते कळलं की मर्यादाही कळते. हँडब्रेक जिथे फ्रेम कमी तिथे आधीचीच पुन्हा ठेवतं, जास्त तिथे गाळतं, आणि एकूण लांबी राखतं. म्हणूनच ओठ जागेवर येतात. पण ३० चं फुटेज २५ वर आणलंत तर दर सहातली एक फ्रेम जाते, आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र उड्या मारतं. २५ ची टाइमलाइन हवी असेल तर शूटच २५ वर करावं. आयफोनमध्ये त्यासाठी ‘शो पाल फॉरमॅट्स’ आहे, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली लुकलुक टाळायलाही तेच बरं.

व्हिडिओ पुन्हा एन्कोड (नव्याने दाबून साठवला) होत असल्याने थोडी गुणवत्ता जातेच, त्यामुळे डिस्कवर जागा भरपूर लागली तरी मूळ फाइल पुसू नका. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळातल्या फरकामुळे सरकत असेल, तर हँडब्रेकचा काही उपयोग नाही. तो एडिटिंगमध्येच किंचित ताणावा लागतो.