नवीन म्युझिक प्लेअर आलाय, आठ दिवस वापरून काय वाटलं

घ्यायच्या आधी ज्याला ज्याला सांगितलं त्याने हेच विचारलं की हातात फोन असताना हे कशाला. तर फोनवर माझं गाणं पूर्ण ऐकून होतच नाही हो, मध्येच मेसेज येतो, कॉल येतो, आपण स्क्रीनकडे बघतो आणि मग कडवं कधी संपलं तेच कळत नाही. ह्यात सिमच नाही. पहिल्या रात्री दिवे बंद करून एक अख्खा अल्बम सलग ऐकला, कित्येक वर्षांनी, आणि खरं सांगते, तिथेच माझं समाधान झालं.

साइज पत्त्यांच्या कॅटएवढा, पण हातात घेतला की चांगला वजनदार लागतो. बाजूला आवाजाचं चाक आहे, फिरवलं की दर टप्प्याला बोटाला बारीक टिक् जाणवतं, त्यामुळे अंधारात न बघताही आवाज किती वाढवला ते समजतं. पण हेच चाक खिशात घासून फिरतं! काल चालताना आवाज एकदम वाढला आणि कान ठणकले. चाक आणि बटणं लॉक करणारं होल्डचं बटण दिलंय, ते आठवणीने लावा.

आता आवाज. सीडीवरून काढलेली 16 बिट 44.1 किलोहर्ट्झची फ्लॅक फाइल (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली), तेच वायरवाले इअरफोन, आधी फोनवर आणि मग ह्यावर. तानपुरा फोनवर मागे नुसता गुणगुणत होता, इथे एकेक तार सुटताना ऐकू येते, आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक विरेपर्यंत ऐकू येते. मात्र त्याच गाण्याची नीट बनवलेली 320 केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट डेटा) एमपीथ्री, जी थोडं गाळून लहान केलेली असते, ती लावली तर डोळे मिटून मला फरक ओळखता आला नाही, म्हणून नुसत्या फ्लॅकसाठी घेऊ नका, आधी इअरफोन चांगले घ्या. ब्लूटूथवर एलडॅक, म्हणजे जास्त डेटा पाठवणारी पद्धत, आहे पण तो फार तर 990 केबीपीएसपर्यंत जातो, सीडीचा डेटा असतो 1411, आणि पाठवताना तो काहीतरी गाळतोच, मी तरी वायरच लावते. आणि कानात घालायचे छोटे इअरफोन असतील तर गेन (इअरफोनला किती जोर द्यायचा ते सेटिंग) लो वरच ठेवा, हायला शांत जागी मागे सूंsss ऐकू येतं.

मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवणं, चालू करा, आधीपासून बंद असतं. मला माहीत नव्हतं, एक राग दोन ट्रॅकमध्ये तोडलेला होता आणि ऐन आलापात अर्ध्या सेकंदाची शांतता, फार टोचलं ते.

2001 मध्ये पहिला आयपॉड आला तो 5 जीबीचा, आणि इथे नखाएवढ्या कार्डात माझी नऊ हजार गाणी बसून वर जागा उरलीय. कार्डातल्या गाण्यांची यादी बनवणारं पहिलं स्कॅन व्हायला बारा मिनिटं लागली, नंतर पटकन उघडतं. बॅटरी दिवसाला तीन-चार तास ऐकून तीन दिवस पुरली.

मनापासून खटकलेली गोष्ट एकच, देवनागरी. गाण्यांची नावं मी बसून बसून मराठीत टाइप केलीत आणि स्क्रीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. वाचता येतं, पण रोज बघताना वाईट वाटतं. कंपनीला स्क्रीनचे फोटो काढून पाठवलेत, अपडेटमध्ये सुधारलं तर इथेच लिहीन.