मे फ्लॉवरचे कंद: फुलाला पाच स्टार, पॅकिंगला दोन

जानेवारीत ऑनलाईन ३ कंद मागवलेले २४० रुपयांत, फुटबॉल लिली म्हणतात ना तीच, आपल्याकडची मे फ्लॉवर. रिव्ह्यू तेव्हाच टाकणार होते पण म्हटलं आधी फुलू तर दे.

पहिली तक्रार पॅकिंगची. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बंद, आत सगळा ओलावा, त्यातला एक तळाशी दाबला तर पिचपिचीत आणि वास. फोटो पाठवला तर उत्तर काय, जिवंत माल आहे, परत घेत नाही. अहो, जिवंत असता तर बोलले असते कशाला! सरळ पेपरात गुंडाळून पाठवले असते तरी चाललं असतं.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय रोज पाणी घाला. अजिबात ऐकू नका. हिवाळ्यात पानं वाळून कंद झोपलेला असतो, तेव्हा पाणी घातलं की कुजलाच. मी वाळू-शेणखत मिसळून लावले, मान मातीच्या वर ठेवली आणि एप्रिलपर्यंत जवळजवळ कोरडंच ठेवलं. सासूबाई रोज विचारायच्या, रिकाम्या कुंडीची पूजा करतेस का गं.

एप्रिलअखेर बोटाएवढा जाड कोंब वर आला, अंगावर तपकिरी-जांभळे ठिपके, मला वाटलं बुरशी लागली, पण त्याचा दांडा तसाच असतो. आणि मग तो लालभडक गोळा! जवळून बघितलं तर ते एक फूल नाहीच, शंभरएक बारक्या चांदण्या आणि बाहेर आलेल्या पुंकेसरांच्या टोकाला पिवळी पूड. वास मात्र शून्य. आठवडाभर टिकलं, मग हिवाळ्यापर्यंत नुसती पानं बघायची, ज्यांना रोज फुलं हवीत त्यांनी जास्वंदच लावावी. दुसऱ्या कंदाला यंदा पानंच आली, लहान होता तो, चालायचंच.

एक महत्त्वाचं, हे कंद विषारी असतात. मूळ आफ्रिकेतलं झाड, तिकडे काही भागात बाणाला लावायच्या विषात वापरतात. आमच्या मावशींनी पाकीट उघडून कांद्याच्या टोपलीत टाकलेले, नशीब मी बघितलं, दिसतात डिट्टो कांद्यासारखे. मुलं, मांजर असेल तर जपून.

आणि हो, शास्त्रीय नाव आता स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, पण विकणारे अजून जुन्या हिमँथस नावानेच टाकतात, सर्च करताना दोन्ही टाकून बघा. मी मात्र पुढचे कंद नर्सरीत जाऊन बुडाशी दाबून बघूनच आणणार.